विल्बर्टने होडीत आधी गालिचा घातला

कुर्की तळ्याच्या काठी एप्रिल महिन्यात माणसांना दोनच उद्योग असतात. तळ्यावरचा बर्फ कुठल्या दिवशी फुटेल यावर पैजा लावायच्या, आणि शेजाऱ्याच्या गॅरेजात डोकवायचं. बर्फ बघायला दुर्बीण लागते. गॅरेजाचं दार मात्र ऊन पडलं की सगळेच वर करून ठेवतात, त्यामुळे दुसरा उद्योग स्वस्तात होतो. त्या वर्षी सगळ्यांत जास्त करमणूक झाली ती विल्बर्ट कांगासच्या गॅरेजाने.

विल्बर्ट तेव्हा सहासष्ट वर्षांचा होता. लोखंडाच्या खाणीच्या वर्कशॉपात पत्राकाम करून निवृत्त झालेला, आणि घरात एकटा. बायको पंचवीस वर्षांपूर्वी ॲरिझोनाला बहिणीकडे गेली, ती मिनेसोटातली थंडी जरा कमी झाली की येते म्हणाली होती. थंडी काही कमी झाली नाही. विल्बर्टच्या हाताबद्दल मात्र सगळ्या वस्तीत एकमत होतं. त्याने वळवलेल्या पत्र्याला शिवण कुठे आहे ते बोटाने शोधावं लागायचं. असला माणूस, आणि त्याच्या गॅरेजात जे चाललं होतं ते बघून समोरच्या घरातला ड्वेन कॉफीचा मग हातात धरून सकाळपासून हसत बसायचा.

होडी विल्बर्टची नव्हतीच. त्याचा थोरला भाऊ लेनर्ट, त्याची. चौदा फुटी, अल्युमिनियमची, कधीकाळी हिरवी. लेनर्ट एकोणीस वर्षांपूर्वी जूनच्या एका पहाटे याच होडीतून मासे धरायला गेला तो परत आला नाही. दोन दिवस पाऊस पडत होता. तिसऱ्या दिवशी होडी पलीकडच्या लव्हाळ्यात सापडली, निम्मी पाण्याने भरलेली. संध्याकाळी लेनर्टही सापडला. वर्तमानपत्रात आलं की होडीतून तोल जाऊन पडला. वस्तीत म्हणाले, होडी गळत असणार. म्हणणारे म्हणून गेले आणि विसरलेही. त्यानंतर ती होडी लेनर्टच्या बायकोच्या, मार्डेलच्या शेडमागे पालथी पडून राहिली. चिचुंदऱ्यांनी तिच्याखाली पिढ्या वाढवल्या.

मार्डेल आणि विल्बर्ट यांचं त्यानंतर बोलणंच संपलं. भांडण म्हणावं तर एक शब्द कुणाच्या तोंडून गेलेला नाही. चर्चच्या तळघरात कुणाच्या मयताचं जेवण असलं की दोघं येत, पण दोन टोकांना बसत. एक वेलदोड्याच्या पावाच्या ताटाजवळ, एक कोटांच्या खुंटीजवळ. मार्डेलची आणखी एक गोष्ट बायकांच्या जिभेवर होती. ती कॉफीला शिवत नसे. आमच्याकडे माणूस बायबलाला नाही म्हणाला तर चालेल, पण कॉफीला नाही म्हटलं की डॉक्टरला विचारलं जातं. ही बाई किटली समोर आली की कपावर हात ठेवायची आणि नुसतं गरम पाणी प्यायची. कुणी म्हणे पोटात अल्सर आहे. कुणी म्हणे गुपचूप कुठल्या तरी पंथात गेली आहे. तिला विचारायची हिंमत कुणाला झाली नाही, म्हणून दोन्ही बातम्या एकोणीस वर्षं टिकल्या.

तर त्या मार्चमध्ये मार्डेलने घर विकायला काढलं आणि चर्चमागच्या बैठ्या घरांत दोन खोल्या घेतल्या. मग विल्बर्टला फोन केला. एवढ्या वर्षांतला पहिला.

"शेडमागे होडी आहे," ती म्हणाली. "शनिवारपर्यंत नेलीस तर तुझी. नाहीतर भंगारवाल्याची."

विल्बर्ट ट्रेलर घेऊन गेला. ती पडद्यामागे उभी होती हे त्याला दिसलं, आणि त्याला दिसलं हे तिलाही दिसलं. दोघांपैकी कुणी हात वर केला नाही.

आता या होड्यांचं असं असतं. पत्र्याचे तुकडे रिव्हेटांनी, म्हणजे शेपटी ठोकून चपट्या केलेल्या खिळ्यांनी, जोडलेले असतात, आणि वर्षं गेली की एकेक रिव्हेट सैल होतो. मग दुरुस्तीची सुरुवात एकाच प्रकारे होते, आमच्याकडे दुसरीतल्या पोरालाही ठाऊक आहे. होडी ट्रेलरवर सुलटी ठेवायची, तळाच्या भोकाला बूच लावायचं, बागेच्या नळीने आत पाणी भरायचं आणि खडू घेऊन खाली उताणं पडायचं. आतलं पाणी बाहेर जिथून ठिबकतं तिथे खूण करायची. तेवढे रिव्हेट काढून नवे मारायचे. हे झालं की मग रंग, मग फळ्या, मग हौस असेल ते.

विल्बर्टने हौसेपासून सुरुवात केली.

आधी त्याने फळ्यांची तक्तपोशी बसवली, पुढच्या टोकापासून मधल्या बाकापर्यंत. त्यावर करडा गालिचा चिकटवला. फिरणारी गादीची खुर्ची आणली. गळाच्या काठ्या उभ्या राहतील अशा नळ्या स्वतः वळवून काठाला बसवल्या, इतक्या सुबक की ड्वेनसुद्धा दोन मिनिटं गप्प झाला. पुढे दिवा, मागे माशांसाठी झाकणाची पेटी. बाहेरून जुना रंग खरवडून फिका निळा दिला. एप्रिल संपत आला. मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मासेमारी खुली होते, त्या दिवशी इथे लग्न काढलं तर नवरदेवही येणार नाही. विल्बर्टने सांगून ठेवलं होतं की त्या सकाळी होडी पाण्यात उतरणार. पण नळी भिंतीवर गुंडाळलेलीच होती.

"विल्ब," ड्वेन रस्त्यापलीकडून म्हणायचा, "घर गळतं का ते बघायच्या आधी पडदे लावणारा माणूस मी पहिल्यांदा पाहतोय."

विल्बर्ट म्हणे, करतो उद्या. ड्वेन म्हणे, हे तू इस्टरलाही म्हणाला होतास. गावातल्या हार्डवेअरच्या दुकानापर्यंत गोष्ट पोचली. म्हातारा आता तिला झालर लावणार, पलंग टाकणार, आणि पाण्यात कधी नेणारच नाही, असं काउंटरवर ठरलं.

ड्वेनने आणखी एक गोष्ट हेरली होती. निळा रंग सगळीकडे एकसारखा होता, पण डाव्या अंगाला, पुढच्या बाकाच्या खाली, तळहाताएवढा एक तुकडा जुन्या हिरव्याचाच राहिला होता. त्याने बोट दाखवलं तेव्हा विल्बर्ट म्हणाला की रंग संपला. डबा मागे फळीवर अर्धा भरलेला दिसत होता.

त्या तुकड्याखाली काय आहे ते जगात फक्त आपल्याला माहीत आहे, असं विल्बर्ट समजून होता.

लेनर्ट गेला त्याच्या आदल्या महिन्यात त्याने होडी विल्बर्टकडे आणून सोडली होती. डावीकडे पाणी येतंय, तेवढा एक रिव्हेट बघ, म्हणाला आणि पाळीवर निघून गेला. भरीव रिव्हेट मारायला दोन माणसं लागतात. एक बाहेरून हातोडी मारतो, दुसरा आत बसून रिव्हेटच्या शेपटीवर लोखंडी ठोकळा दाबून धरतो. हे दोघं भाऊ पोरवयापासून हे काम करत आलेले. ठोकळा त्यांच्या बापाने खाणीतल्या रुळाचा तुकडा घासून केलेला, हातात साबणाच्या वडीसारखा बसणारा. पत्र्याच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून आतला माणूस ठोकळ्याने खूण करायचा. एक टक म्हणजे अजून मार. टक-टक म्हणजे बसला, पुढे चल. विल्बर्ट कायम बाहेर, लेनर्ट कायम आत.

त्या दिवशी आत कुणी नव्हतं. लेनर्टची वाट बघायला हवी होती. पण विल्बर्टला खाणीच्या संघाचा बेसबॉलचा सामना बघायला जायचं होतं. त्याने कपाटातून रिव्हेट मारायचं पिस्तूल काढलं आणि एकट्याने मारता येतो तो पोकळ रिव्हेट ठोकला. पोकळ रिव्हेट पत्र्याच्या नळकांड्याला चालतो. होडीच्या तळाला तो मारणं म्हणजे भोकात भोक बसवणं, हे विल्बर्ट नव्या पोरांना बारा वर्षं ओरडून शिकवत होता. त्याने वर काळा डिंक थापला, रंगाचा हात फिरवला आणि लेनर्टला सांगितलं, झालं. लेनर्टने विचारलंही नाही. विल्बर्टच्या कामाबद्दल कोण विचारणार?

चार आठवड्यांनी होडी लव्हाळ्यात सापडली, निम्मी भरलेली.

पाऊस दोन दिवस होता, होडी पावसानेही भरते, हे विल्बर्टला कळत नव्हतं असं नाही. दिवसा कळायचं. पण त्याने ती तपासली नाही. मार्डेलकडे जायचं म्हणून तो तीनदा निघाला, आणि तिन्ही वेळा तिच्या फाटकापासून परत फिरला. मग जाणंच सोडलं. आता होडी त्याच्याच गॅरेजात होती, आणि तो तिला नवरीसारखी सजवत होता, पण ज्या एका गोष्टीने खरंखोटं होणार होतं तेवढी करत नव्हता.

आणि होडी आल्यापासून ते सुरू झालं होतं. संध्याकाळी ऊन उतरलं की तो हत्यारं पुसत असायचा आणि पाठीमागून आवाज यायचा. टक-टक. दोनदाच. पहिल्या दिवशी त्याने वळून पाहिलं. दुसऱ्या दिवशी नाही पाहिलं. उन्हाने तापलेला पत्रा थंड होताना आवाज करतो, त्याने आयुष्यभर ऐकलेला. पत्रा थंड होतोय, तो मोठ्याने म्हणायचा. ड्वेनने ते एकदा ऐकलं आणि विल्ब होडीशी बोलतो ही बातमी रात्रीच्या जेवणाआधी तळ्याला फेरी मारून आली. पण पत्रा थंड होताना कसाही वाजतो, एकदा, पाचदा, मध्येच थांबून. हा कायम दोनदाच वाजायचा. बसला, पुढे चल. विल्बर्टच्या अंगावर काटा यायचा तो आवाजाने नव्हे. लेनर्ट अजूनही त्याच्या कामावर विश्वास ठेवत होता, त्याने.

मासेमारी खुली व्हायला चार दिवस होते तेव्हा मार्डेल आली. दिवस ढगाळ, वारा तळ्याकडून. गाडी तिने रस्त्यातच थांबवली. ड्वेन आपल्या पायरीवर होता. त्याने कॉफीचा मग खाली ठेवला, यावरून प्रसंगाचं वजन कळावं.

तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. घर आवरताना लेनर्टच्या पेटीत सापडलं, म्हणाली. विल्बर्टने फडकं सोडलं. बापाचा ठोकळा. त्याला वाटत होतं तो लेनर्टबरोबर तळ्यात गेला.

मार्डेल होडीभोवती फिरली. गालिचा पाहिला, खुर्ची एकदा फिरवून पाहिली. मग तिची नजर भिंतीवरच्या नळीवर गेली.

"पाणी भरून पाहिलंस?"

विल्बर्ट म्हणाला की अजून नाही.

"गालिचा घातलास आणि पाणी नाही भरलंस? तू?" ती म्हणाली. रस्त्यापलीकडून ड्वेन खोकला. मार्डेलने वळून त्याच्याकडे पाहिलं तसा तो कॉफी भरायला घरात गेला. खिडकी उघडी ठेवून गेला, ते सोडा.

मग तिने स्वतःच नळी खाली काढली. "वरच्या फळ्या काढ," म्हणाली. चाळीस वर्षं शाळेच्या भटारखान्यात तीनशे पोरांना वाढलेली बाई. तिने काढ म्हटलं की माणूस काढतो. विल्बर्टने एकेक स्क्रू सोडवला. सगळ्या वस्तीत वाखाणलेली तक्तपोशी गालिच्यासकट भिंतीला उभी राहिली. पाणी आत पडायला लागलं, आधी ढोलासारखं वाजत, मग मुकाट.

तो खडू घेऊन खाली सरकला. पोट वर, वर निळा पत्रा. उजवीकडे मागे पहिला थेंब आला. त्याने खूण केली. मग दुसरा, मग होडीच्या कण्याजवळ तीन ओळीने. सहावा मागच्या कोपऱ्यात, सातवा त्याच्या कपाळावरच पडला. डावीकडे त्याने सगळ्यांत शेवटी मान वळवली. हिरवा तुकडा त्याच्या नाकापासून वीतभर होता. तो वाट बघत राहिला. पाण्याची पातळी वर चढली, नळी बंद झाली, मार्डेलचे बूट त्याच्या डोक्याजवळ येऊन थांबले. हिरवा तुकडा कोरडा होता.

त्याने खिशातला चाकू काढला आणि रंग खरवडला. खाली काळा डिंक निघायला हवा होता. निघाला नाही. मग रिव्हेटचं डोकं उघडं पडलं. पोकळ रिव्हेटला मधोमध भोक असतं. याला नव्हतं. भरीव, गोल, गुळगुळीत. जरा तिरका बसलेला, पण घट्ट.

त्याने त्या डोक्यावरून अंगठा फिरवला.

"हा मी नाही मारलेला," शेवटी तो म्हणाला.

"नाहीच मुळी," वरून मार्डेलचा आवाज आला. "लेनर्टने मारला. ठोकळा मी धरला होता. दोन दिवस कानात शिट्टी वाजत होती माझ्या."

मग तिने सांगितलं ते असं. लेनर्टला तो पोकळ रिव्हेट दुसऱ्याच दिवशी सापडला होता. अंगणात उभं राहून तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. खाणीतला सगळ्यांत मोठा पत्रेवाला आणि होडीला टाचणी टोचून पाठवतो, म्हणाला. मग मार्डेलला आत बसवलं, खुणा शिकवल्या, आणि दोघांनी तो बदलला. विल्बर्टला सांगायचं नाही असं ठरलं. बिचाऱ्याला लाज वाटेल. येत्या नाताळात चार लोकांसमोर सांगू, तेव्हा लाजही वाटेल आणि मजाही येईल. नाताळ आला तेव्हा सांगणारा नव्हता.

विल्बर्ट बाहेर आला. त्याची पाठ चिखलाने भरली होती. तो ट्रेलरच्या चाकावर बसला आणि एकोणीस वर्षं काय समजत होता ते त्याने तिला सांगितलं. फाटकापर्यंत आलेल्या तीन फेऱ्याही सांगितल्या. मार्डेल ऐकत होती आणि तिचा चेहरा विचित्र होत चालला होता.

"पण होडी गळाली असं तुला सांगितलं कुणी?" तिने विचारलं.

"मग तो पडला कसा?"

तिने उघड्या खिडकीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. ड्वेनला पुढचं ऐकू आलं नाही, हे त्याच्या आयुष्यातलं मोठं दुःख आहे. पण गोष्ट वस्तीत राहिली ती मार्डेलनेच पुढे सांगितली म्हणून.

शेरिफकडच्या ज्या माणसाने लेनर्टला पाण्यातून काढलं तो तिच्या शाळेत जेवलेला पोरगा होता. त्याने तिला बाजूला नेऊन सांगितलं होतं की पँटची चेन उघडी होती, ती मी वर ओढली, बाकी कुणी पाहिलं नाही, तुम्ही कुणाला सांगू नका. लेनर्ट होडीच्या काठावर उभा राहून लघवी करत होता. तळ्यात मरणाऱ्या पुरुषांतले निम्मे असेच जातात, आणि त्यांच्या बायका असंच काही सांगत नाहीत.

"एवढ्यासाठी तू गप्प राहिलीस?" विल्बर्ट म्हणाला.

"एवढ्यासाठी नाही." ती त्याच्याकडे बघत नव्हती. "त्याचा रोजचा थर्मास गळत होता. लहान, दोन कपांचा. त्या दिवशी मी माझा मोठा भरून दिला. आठ कपांचा. तो म्हणाला, एवढी कोण पिणार. मी म्हटलं, दिलीय तेवढी पी, गार पडेल." तिने नळीचं टोक पिळलं. "होडीत थर्मास सापडला तो रिकामा होता. तू यायचा बंद झालास. मला वाटलं, तुला कुणीतरी चेनचं सांगितलं आणि तू हिशोब लावलास."

विल्बर्टने नळी तिच्या हातातून घेऊन खाली ठेवली. अल्सर आणि पंथ, दोन्ही बातम्या त्या क्षणी खोट्या ठरल्या आणि ऐकायला कुणी नव्हतं.

त्याने बूच काढलं. पाणी उतारावरून रस्त्यात गेलं. सात रिव्हेट होते. त्याने ते ड्रिलने काढले, खोक्यातून नवे भरीव निवडले, आणि मग ठोकळा हातात घेऊन उभा राहिला. मार्डेलने तो त्याच्या हातातून घेतला, आत ओल होती म्हणून मोजे काढले, बूट परत घातले आणि चौऱ्याहत्तर वर्षांची बाई स्टुलावरून होडीत चढली. कानात तिने कापूस घातला. या वेळी शिकले आहे, म्हणाली.

तो खाली गेला. हातोडीचे चार ठोके. आतून एक टक. आणखी दोन ठोके. टक-टक. तो पुढच्याकडे सरकला. मध्ये पत्रा होता, ती दिसत नव्हती, फक्त खूण यायची. तिसऱ्या रिव्हेटापर्यंत त्याला आत कोण आहे ते ठाऊक होतं. पाचव्याला त्याची खात्री राहिली नाही. त्याने हातोडी थांबवून हाक मारली, मार्डेल. कापसामुळे तिला ऐकू आलं नाही. आतून टक-टक झालं. बसला, पुढे चल. तो पुढे गेला.

सातवा झाला. ती उतरली, ठोकळा बाकावर ठेवला, गुडघे चोळत घरात गेली. विल्बर्ट तिच्या मागे होता. स्वयंपाकघराच्या दारापाशी दोघंही थांबली, कारण गॅरेजातून आवाज आला होता. दोनदा.

"पत्रा थंड होतोय," विल्बर्ट म्हणाला.

"हो," मार्डेल म्हणाली.

त्या दिवशी ऊन पडलंच नव्हतं.

उरलेल्या तीन दिवसांत गालिचा परत बसला, हिरवा तुकडा मात्र विल्बर्टने तसाच, खरवडलेला, ठेवला. आणि होडीत आणखी एक सुधारणा झाली, जी बघायला ड्वेन मुद्दाम रस्ता ओलांडून आला. मागच्या बाकाजवळ विल्बर्टने कॉफीचा मोठा पत्र्याचा डबा बसवला होता, पकडीत घट्ट, झाकणाला बिजागरी, बाहेरून फिका निळा. आमिषासाठी का, ड्वेनने विचारलं. विल्बर्टने कशासाठी ते सांगितलं. ड्वेनने आधी हसायला तोंड उघडलं, मग विल्बर्टचा चेहरा पाहिला आणि म्हणाला की माझ्याही होडीला एक करून दे.

शनिवारी पहाटे होडी पाण्यात उतरली तेव्हा धक्क्यावर चाळीस माणसं होती. तळाशी एक थेंब आला नाही. मार्डेल फिरत्या खुर्चीवर बसली. विल्बर्टने मोटर लावली आणि लव्हाळ्याच्या बाजूला नेली, कुणी न सांगता. तिथे त्याने मोटर बंद केली. धुकं होतं. तिने पिशवीतून थर्मास काढला, मोठा, आठ कपांचा. एक कप त्याला भरला, एक स्वतःला. एकोणीस वर्षांनी ती कॉफी प्यायली आणि तोंड वाकडं केलं, म्हणाली की मला आठवत होती त्याहून कडू असते.

"मला अर्धाच," विल्बर्ट म्हणाला.

"पूर्ण घे," मार्डेल म्हणाली. "आणि पुढचं काय असेल ते बसून कर."

पाणी काचेसारखं होतं, लाट नव्हती. दोघांच्या मधल्या बाकाखाली, पत्र्याच्या बाहेरच्या अंगाने, टक-टक झालं. विल्बर्ट या वेळी पत्र्याबद्दल काही बोलला नाही. त्याने बाकावरचा ठोकळा उचलला, वाकला, आणि आतून एकदाच वाजवला. अजून मार.

मग दोघं बराच वेळ ऐकत बसली.